प्रश्न, शेजारी आणि यंत्र

(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



वर्गातील मुले परीक्षेत उत्तीर्ण झाली, पालक संतुष्ट आहेत, अधिकाऱ्यांचा शेराही चांगला पडला आहे. आणि तरीसुद्धा शिकविलेला विषय मुलांस समजलेलाच नाही, असे घडू शकते काय? हा प्रश्न बहुतेक शिक्षकांच्या मनात केव्हा ना केव्हा येऊन जातो. परंतु तो तसाच मनाच्या कोपऱ्यात राहू दिला जातो, कारण त्याचे उत्तर शोधू लागले तर स्वतःच्याच कामाची झडती घ्यावी लागते. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक एरिक माझूर यांनी ही झडती घेतली, आणि जे आढळले ते लपवून न ठेवता जगापुढे मांडले. महाविद्यालयातील अध्यापनाची ही हकीकत प्राथमिक शिक्षकांपुढे ठेवण्याचे कारण इतकेच की, तिच्यातील मुख्य अडचण पहिलीच्या वर्गातही तीच असते.

माझूर हे मूळचे हॉलंडचे. जन्म १९५४ मध्ये अॅमस्टरडॅम येथे. लायडन विद्यापीठाची डॉक्टरेट १९८१ मध्ये मिळवून ते अमेरिकेस गेले आणि १९८४ पासून हार्वर्ड येथे अध्यापक झाले. त्यांचे संशोधन लेसर प्रकाशावरील. अध्यापनासाठी मात्र त्यांच्या वाट्यास जो वर्ग आला तो पदार्थविज्ञानाची आवड असणाऱ्यांचा नव्हता. पुढे वैद्यकाकडे जावयाचे आहे, आणि त्यासाठी हा विषय घेणे भाग आहे, म्हणून येऊन बसणाऱ्या मुलामुलींचा होता. कसे शिकवावे याचे शिक्षण माझूर यांस कोणी दिलेले नव्हते. महाविद्यालयीन अध्यापकांस ते सहसा दिले जातही नाही; या बाबतीत प्राथमिक शिक्षक त्यांच्यापेक्षा सुदैवी म्हटला पाहिजे. आपल्याला जसे शिकविले गेले तसेच आपण शिकवावे, एवढाच काय तो मार्ग माझूर यांस ठाऊक होता. ते उत्तम तयारी करीत, स्वच्छ व ओघवते बोलत, मोठाल्या मेजावर प्रयोग करून दाखवीत. सत्राच्या अखेरीस विद्यार्थी त्यांस उत्तम गुण देत. कारण त्या देशात विद्यार्थीही शिक्षकाचे मूल्यमापन करीत असतात. अवघड आकडेमोडीची उदाहरणेही वर्गास सुटत. आपण फार चांगले शिक्षक आहोत, असा त्यांचा समज झाला, आणि तो होण्यास सबळ कारणही होते.

त्या काळातील एक लहानशी गोष्ट ते स्वतःच गमतीने सांगतात. व्याख्यानासाठी तयार केलेली टिपणे ते विद्यार्थ्यांस देत असत. विद्यार्थ्यांच्या विनंतीवरून पुढे ती आरंभीच वाटली गेली. सत्र संपल्यावर काही विद्यार्थ्यांनी तक्रार लिहिली ती अशी की, प्राध्यापक महाशय सरळ स्वतःच्या टिपणांतूनच शिकवितात! तक्रार ऐकून माझूर प्रथम चिडले. परंतु तीत तथ्य होते. जे हातातील कागदावर लिहिलेले आहे तेच पुन्हा तोंडाने सांगावयाचे, तर वर्गात जमावयाचे कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी त्यांच्यापाशी नव्हते.

१९९० मध्ये त्यांच्या वाचनात अॅरिझोना राज्य विद्यापीठातील इब्राहिम हलून व डेव्हिड हेस्टेनीस यांचे १९८५ चे लेख आले. त्यांत म्हटले होते की, विद्यार्थी पदार्थविज्ञानाच्या वर्गात येतात ते कोऱ्या मनाने येत नाहीत. वस्तू कशी पडते, ढकलली असता कशी चालते, याविषयीच्या स्वतःच्या समजुती ते लहानपणापासून बरोबर घेऊन येतात, आणि वर्षभर शिकविल्यावरही त्यांतील पुष्कळशा जशाच्या तशा राहतात. शिक्षक कोणीही असो, त्याची शैली कशीही असो, फरक फारच थोडा पडतो. हे पाहण्यासाठी त्यांनी साध्या भाषेतील प्रश्नांची एक चाचणी केली होती. पुढे १९९२ मध्ये तिचे सुधारलेले रूप प्रसिद्ध झाले आणि ते जगभर वापरले गेले. तिच्यात आकडेमोड नाही, सूत्र नाही. एक भरलेली मालमोटार व एक छोटी मोटार यांची टक्कर झाली. मालमोटारीने छोट्या मोटारीवर दिलेला जोर अधिक, की छोट्या मोटारीने मालमोटारीवर दिलेला? असे प्रश्न. दोन्ही जोर सारखेच असतात, हे न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरून उघड आहे. तो नियम तोंडपाठ असलेला विद्यार्थीही मालमोटारीचाच जोर अधिक असे सांगून मोकळा होतो, कारण चेपलेली मोटार त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते.

माझूर यांस वाटले, इतरांच्या विद्यार्थ्यांचे असे होत असेल. आपल्या विद्यार्थ्यांचे कसे होईल? उलट इतकी सोपी चाचणी दिली तर त्यांस अपमानच वाटेल, अशी त्यांस धास्ती होती. तरीही त्यांनी ती दिली. कागद हाती पडल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले की, या प्रश्नांची उत्तरे आपण शिकविले त्याप्रमाणे लिहावयाची, की मी स्वतः या गोष्टींचा जसा विचार करते त्याप्रमाणे? शिक्षकाने क्षणभर थांबून ऐकावा असा हा प्रश्न आहे. वर्गातील विद्या आणि मनातील समजूत या दोन वेगवेगळ्या खोल्या आहेत, आणि मधला दरवाजा बंद आहे, हे तिने अजाणता सांगून टाकले. चाचणीचा निकाल तिच्या प्रश्नास साजेसाच लागला. अवघड परीक्षेत जे सहज पार पडत होते, ते या सोप्या चाचणीत अडखळले.

इतक्यानेही माझूर यांचे समाधान झाले नाही. चाचणीतच काही दोष असेल, ही शंका उरली होती. म्हणून विजेच्या प्रवाहावरील परीक्षेत त्यांनी दोन प्रश्न एकत्र घातले. एक पाठ्यपुस्तकातल्यासारखा: बॅटऱ्या व रोधक यांचे जाळे, त्यातील अमुक रोधकातून किती प्रवाह वाहतो ते काढा. दुसरा अगदी साधा: बॅटरीला एकासारखे तीन दिवे एका माळेत जोडलेले आहेत, तिसऱ्या दिव्याच्या दोन टोकांस जोडणारी एक तार आहे व तिच्यात खटका आहे. खटका दाबला तर पहिले दोन दिवे अधिक उजळतील, मंद होतील की तसेच राहतील? तिसऱ्याचे काय होईल? येथे गणित करावयाचे नाही. खटका दाबताच प्रवाहाला तारेतून मोकळी वाट मिळते, तिसरा दिवा विझतो आणि उरलेले दोन अधिक उजळतात. पहिल्या, अवघड वाटणाऱ्या प्रश्नात वर्गाची सरासरी दहापैकी ६.९ आली, दुसऱ्या, सोप्या वाटणाऱ्या प्रश्नात ४.९. पहिल्यात पैकीच्या पैकी गुण मिळविणारे काही विद्यार्थी दुसऱ्यात सपशेल पडले. समीकरणे कशी मांडावयाची याची रीत हातात बसली होती. तारेतून काय वाहते याचा बोध झालेला नव्हता. गावच्या शाळेतील ज्या शिक्षकाने भागाकाराची उदाहरणे बिनचूक सोडविणाऱ्या मुलाला, बारा लाडू चौघांत वाटताना भागाकार करावयाचा की गुणाकार, असे विचारून पाहिले असेल, त्यास हा प्रकार नवा वाटणार नाही.

यापुढे जे घडले ते योजून घडलेले नाही. परीक्षेपूर्वीच्या एका उजळणीत असाच एक प्रश्न निघाला. माझूर यांनी फळ्यावर समजावून दिले. वर्गाच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. त्यांनी दुसऱ्या रीतीने समजाविले, गोंधळ वाढला. निम्म्या वर्गाचे उत्तर बरोबर होते, निम्म्याचे चूक. तिसरी रीत सुचेना, तेव्हा हताश होऊन ते म्हणाले की, आता तुम्ही आपापसातच बोला. वर्गात एकच गलका झाला. शिक्षक पुढे उभा आहे याचे कोणासच भान उरले नाही. आणि दोन-तीन मिनिटांत बहुतेकांना उत्तर उमगले!

जे विद्वान प्राध्यापकाला दहा मिनिटांत साधले नाही ते शेजारच्या बाकावरील मुलाला दोन मिनिटांत कसे साधले? माझूर यांनी याचा जो उलगडा केला तो अध्यापनशास्त्रात मोलाचा आहे. ज्याला एखादी गोष्ट परवा किंवा आताच समजली, त्याला ती समजण्यापूर्वी आपण कोठे अडलो होतो हे आठवते. शिक्षकाला ती पंचवीस वर्षांपूर्वी समजलेली असते. त्यात अडण्यासारखे काय आहे हेच त्याला दिसेनासे होते. जितके ज्ञान जुने व पक्के, तितकी ही आंधळेपणाची झापड दाट. शिक्षकाचे अज्ञान जितके घातक, तितकेच त्याचे हे विस्मरणही.

या प्रसंगातून जी पद्धती तयार झाली तिला ‘पिअर इन्स्ट्रक्शन’ असे नाव पडले. मराठीत तिला सहाध्यायी-अध्यापन म्हणता येईल. १९९१ पासून माझूर यांनी ती वर्गात चालविली आणि १९९७ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पाठ्यांश विद्यार्थ्यांनी घरून वाचून यावयाचा. टिपणांच्या त्या जुन्या तक्रारीचे उत्तर असे मिळाले. वर्गात एकेका कल्पनेवर थोडा वेळ बोलून शिक्षक एक प्रश्न घालतो व त्याची तीन-चार संभाव्य उत्तरे मांडतो. मिनिट-दोन मिनिटे पूर्ण शांतता. कोणी कोणाशी बोलावयाचे नाही. प्रत्येकाने स्वतःचे उत्तर ठरवून ते शिक्षकास कळवावयाचे. शिक्षक मोजणी करतो, परंतु बरोबर उत्तर कोणते ते सांगत नाही. सुमारे एक-तृतीयांशापेक्षा कमी जणांचे उत्तर बरोबर असेल तर वर्ग अजून तयार नाही. शिक्षकाने पुन्हा समजावून द्यावे. शेकडा सत्तरापेक्षा अधिकांचे बरोबर असेल तर दोन शब्द बोलून पुढे जावे. मधला आकडा असेल तेव्हा मात्र खरे काम. वेगळे उत्तर दिलेला शेजारी शोधा व त्याची खात्री पटवा, असे सांगावयाचे. तीन-चार मिनिटांनंतर पुन्हा उत्तरे घ्यावयाची, आणि मगच स्पष्टीकरण.

पद्धतीचा जीव त्या पहिल्या शांततेत आहे, हे वरवर पाहणाऱ्यास कळत नाही. पुष्कळ ठिकाणी गटचर्चा म्हणून जे चालते त्यात एक हुशार मुलगा बोलतो व इतर माना डोलावतात. येथे चर्चेस सुरुवात होण्यापूर्वीच प्रत्येकाने आपले मत नोंदवून टाकलेले असते. मत दिले की ते आपले झाले. मग दुसऱ्याचे निराळे मत ऐकताना कान टवकारले जातात.

माझूर आपल्या व्याख्यानांत पुष्कळदा जो प्रश्न श्रोत्यांस घालतात, त्यावरून याची प्रचीती येईल. धातूचा एक पत्रा आहे. त्याच्या मध्यभागी वाटोळे भोक आहे. पत्रा सर्व बाजूंनी सारखा तापविला. भोक मोठे होईल, लहान होईल, की आहे तेवढेच राहील? विद्वान प्राध्यापकांच्या सभेतही मते दुभंगतात. धातू प्रसरण पावतो हे सर्वांस ठाऊक. मग तो आतल्या बाजूसही पसरेल व भोक बुजत येईल, असे अनेकांस वाटते. चर्चेची परवानगी मिळताच सभा गजबजून जाते, आणि नंतर माझूर उत्तर न सांगता पुढे बोलू लागले तर श्रोते अस्वस्थ होतात. काही मिनिटांपूर्वी ज्या भोकाशी कोणालाही कर्तव्य नव्हते, त्याचे काय झाले हे कळल्याविना आता कोणास चैन पडत नाही.

त्या सभेत आपल्याकडील एखादा लोहार बसला असता तर त्यास विचार करावा लागला नसता. लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना तो ती चाकापेक्षा किंचित लहान ठेवतो, गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो, मोठी झालेली धाव चाकावर बसवितो व वरून पाणी ओततो. धाव आकसते आणि चाकाला घट्ट आवळते. तापलेल्या धावेचा आतला घेर लहान होत असता तर गाडीला चाकच मिळाले नसते. पत्र्यातील भोकाचेही तसेच. भोकाच्या काठाचे कण गोल करून उभे आहेत असे समजा. तापल्यावर प्रत्येकाला शेजाऱ्यापासून अधिक अंतर हवे असते, तेव्हा तो गोल मोठाच व्हावा लागतो. लाकडी चाकांच्या गाड्या आता थोड्या उरल्या व रबरी टायर आले. परंतु ज्या गावात अजून ती भट्टी पेटते तेथील मुलाने हा प्रश्न आधी पाटीवर सोडविला आणि मग लोहाराकडे जाऊन पाहिला, तर त्याला हार्वर्डच्या विद्यार्थ्यापेक्षा काही कमी मिळाले असे म्हणता येणार नाही.

मुलांनी मुलांस शिकविणे यात नवीन ते काय, असे कोणी विचारील. पंतोजींच्या जुन्या शाळांत थोरली मुले धाकट्यांस मुळाक्षरे गिरवून घेत. मद्रासजवळ एग्मोर येथील अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल या स्कॉटिश व्यवस्थापकाने असाच प्रकार चालविला, १७९७ मध्ये त्याविषयी पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडात नावारूपास आली. वाळूवर बोटाने अक्षरे काढणारी एतद्देशीय मुले पाहून आपणास प्रेरणा मिळाली, असे बेलने नमूद केले आहे. तेव्हा भारतीय शिक्षकांस हे घर परके नाही. तथापि एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. त्या पद्धतीत ज्याला येते तो ज्याला येत नाही त्याच्याकडून घोकून घेतो. मोठ्या पंतोजींच्या जागी एक छोटे पंतोजी येतात. माझूर यांच्या वर्गात दोघेही आपापल्या उत्तरास चिकटून असतात, आणि कोण बरोबर हे दोघांसही अद्याप ठाऊक नसते. तेथे अधिकार चालत नाही, कारण द्यावे लागते.

यावर एक आक्षेप येतो व तो रास्त आहे. हुशार मुलाचे ऐकून मठ्ठ मुलाने उत्तर बदलले, यात समजणे कोठे आले? कोलोराडो विद्यापीठात जननशास्त्राच्या वर्गावर याची परीक्षा केली गेली आणि २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चर्चेनंतर त्याच कल्पनेवरील दुसरा, नवा प्रश्न विद्यार्थ्यांस एकेकट्याने सोडवावयास दिला. तोही अधिक जणांना सुटला. विशेष म्हणजे ज्या गटात आरंभी कोणाचेच उत्तर बरोबर नव्हते, त्या गटांतही सुधारणा दिसली. तेव्हा केवळ नक्कल झाली असे म्हणता येत नाही. दोन चुकीच्या विचारांची टक्कर होऊन त्यांतूनही वाट निघू शकते.

हार्वर्ड येथे त्या सोप्या चाचणीवरील प्रगती १९९० च्या मानाने १९९१ मध्ये जवळजवळ दुप्पट झाली, आणि पुढील वर्षांत आणखी वाढली. आकडेमोडीची उदाहरणे वर्गात कमी सोडवूनही ती सोडविण्याची शक्ती घटली नाही. रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये निरनिराळ्या संस्थांतील ६२ वर्ग व ६,५४२ विद्यार्थी यांचे निकाल एकत्र केले. वर्षारंभी जे येत नव्हते त्यापैकी किती आले, असे त्यांचे माप होते. केवळ व्याख्यान चालणाऱ्या १४ वर्गांत ते सरासरीने शेकडा २३ आले. विद्यार्थ्यांस विचार करावयास व बोलावयास लावणाऱ्या ४८ वर्गांत शेकडा ४८. एवढे मोठे अंतर शिक्षणाच्या मापनात क्वचितच आढळते.

आता यंत्राविषयी. माझूर यांचे नाव निघाले की लोक प्रथम यंत्राचीच गोष्ट काढतात, म्हणून ती येथे मुद्दाम मागे ठेवली आहे. आरंभी विद्यार्थी नुसता हात वर करीत. यात खोट अशी की, हुशार मुलाचा हात कोणत्या उत्तराला वर जातो हे पाहून इतरांचे हात वर होतात. मग अक्षरे लिहिलेली पुठ्ठ्याची पत्रे आली. ती छातीशी धरावयाची, म्हणजे शिक्षकास दिसतात व मागच्यास दिसत नाहीत. पुढे तारांनी जोडलेली हातातील गणकयंत्रे, नंतर दूरदर्शन संचाच्या हातातील कळीसारखी बटनांची छोटी पेटी, तिला तेथे ‘क्लिकर’ म्हणतात. २०११ मध्ये माझूर व त्यांचे दोन सहकारी यांनी अशी योजना काढली की, विद्यार्थ्याने आपला मोबाइल अथवा संगणक वापरावा. कोण कोठे बसला आहे हे यंत्रास ठाऊक असावे. आणि उत्तरे जमताच यंत्राने प्रत्येकाला, तुझे उत्तर ज्याच्याशी जुळत नाही असा अमुक शेजारी आहे, त्याच्याशी बोल, असे कळवावे. दोन वर्षांनी ही योजना एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतली.

यंत्राने काही गोष्टी खरोखर चांगल्या होतात. मोजणी क्षणात होते, ती टिकते, लाजाळू मुलाचे उत्तर झाकलेले राहते. शेकडो विद्यार्थ्यांच्या सभागृहात याचे महत्त्व कमी नाही. परंतु शिकण्यात त्याने भर पडते काय? कॅनडातील माँट्रियल येथील जॉन अॅबट महाविद्यालयात नॅथॅनिएल लास्री यांनी हेच तपासले. एका तुकडीला क्लिकर दिले, दुसऱ्या तुकडीला पुठ्ठ्याची पत्रे. पद्धत दोहोंकडे तीच. २००८ मध्ये त्यांनी निकाल प्रसिद्ध केला: दोन्ही तुकड्यांची समजूत सारखीच वाढली होती. यंत्राचा गुण होता तो शिक्षकाच्या सोयीत. विद्यार्थ्याच्या डोक्यात जे घडले ते प्रश्नाने व शेजाऱ्याने घडविले. ज्या जिल्ह्यात एखाद्या शाळेत पडदा व प्रक्षेपक आहे, आणि शेजारच्या शाळेत वीजही भरवशाची नाही, तेथे हा निष्कर्ष केवळ वाचून सोडून देण्यासारखा नाही. साहित्य मिळेल तेव्हा अवश्य घ्यावे. ते येईपर्यंत थांबण्याचे कारण मात्र या प्रयोगाने उरत नाही.

प्रयोग दाखविण्याविषयीही माझूर यांच्या गटाने एक अप्रिय सत्य बाहेर काढले. वर्गात प्रयोग दाखविला म्हणजे तो मुलांच्या मनावर ठसतो, अशी प्रत्येकाची श्रद्धा असते. २००४ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले की, ज्यांनी प्रयोग नुसता पाहिला त्यांची समज प्रयोग मुळीच न पाहिलेल्यांहून फारशी निराळी नव्हती. कित्येकांना जे घडले ते भलतेच आठवत होते. मनात जी समजूत होती तसेच घडले असे त्यांस वाटत होते! मात्र प्रयोगापूर्वी ‘काय होईल ते आधी सांगा’ असे म्हणून उत्तर नोंदवून घेतले, तर लाभ स्पष्ट दिसला. यासाठी दोन-तीन मिनिटेच अधिक लागतात. पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालण्यापूर्वी मुलांकडून उत्तर घेणे, एवढाच तो फरक.

ही पद्धती निर्वेध चालली असे समजू नये. आरंभी पुष्कळ विद्यार्थी कुरकुरतात: प्राध्यापक शिकवीतच नाहीत, सारे आम्हालाच करावे लागते! वाचून न येणाऱ्यांचा प्रश्नही राहतोच. त्यासाठी माझूर यांस निराळे उपाय योजावे लागले. मुली चर्चेत मागे राहतात की पुढे येतात, याविषयीही मते एक नाहीत. हार्वर्ड येथे या पद्धतीने मुलगे व मुली यांच्या गुणांतील अंतर जवळजवळ नाहीसे झाले, असे २००६ मध्ये दिसले. कोलोराडो येथे पुढील वर्षी तसे आढळले नाही. शिक्षकाने आपल्याच वर्गात डोळे उघडे ठेवून पाहणे, हाच यावर मार्ग आहे.

सर्वांत कठीण काम प्रश्न तयार करण्याचे. ज्याचे उत्तर पुस्तकात शब्दशः सापडते असा प्रश्न येथे निरुपयोगी. सर्वांना येणारा निरुपयोगी, कोणालाच न येणाराही निरुपयोगी. आणि चुकीची उत्तरे ओढूनताणून रचलेली चालत नाहीत. ती मुलांच्या खऱ्या चुकांतून उचलावी लागतात. चौथी-पाचवीचे उदाहरण घेऊ. एक भाकरी तिघांत सारखी वाटली, तेवढीच दुसरी भाकरी चौघांत. कोणाच्या वाट्याचा तुकडा मोठा? हा प्रश्न भाकरीत विचारला तर बहुतेक मुले बरोबर सांगतील. तोच फळ्यावर एक-तृतीयांश मोठा की एक-चतुर्थांश, असा लिहिला, की चार हा आकडा तिनापेक्षा मोठा म्हणून अनेक मुले एक-चतुर्थांशाकडे वळतील. म्हणून प्रश्न आकड्यांत घालावा. पाटीवर अ किंवा ब लिहून घ्यावे, पाट्या एकदम शिक्षकाकडे वळवाव्यात, शिक्षकाने मोजून घ्यावे आणि काही न बोलता मुलांस शेजाऱ्याशी भांडू द्यावे. भाकरीची आठवण कोणा मुलालाच होते की काय ते पाहावे.

या दोन-तीन मिनिटांत माझूर फळ्याजवळ थांबत नाहीत. ते बाकांमधून हिंडतात आणि ज्यांचे उत्तर चुकले आहे ते शेजाऱ्यास कोणते कारण सांगत आहेत, ते ऐकतात. पुढच्या वेळच्या प्रश्नासाठी पर्याय त्यांस तेथेच मिळतात.